रूळ तापतात, भराव वाहून जातात: सुरुवात कुठून करायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी वाहतूक नियोजनाचं काम करतो. आमच्या भागातल्या रेल्वेमार्गावर उन्हाळ्यात दुपारी गाड्या हळू चालवतात आणि मोठा पाऊस झाला की मार्ग दोन-दोन दिवस बंद असतो. हवामान बदलत जाणार हे दिसतंच आहे. मग मार्ग सरळ उंच करून आणि चांगल्या पोलादाचे रूळ टाकून हा प्रश्न कायमचा का मिटवत नाहीत? पैसे मर्यादित असतील तर आधी काय करावं?"

मी तीस वर्षांहून जास्त काळ रूळमार्गाच्या देखभालीत काढला. रूळ, खडी, भराव, मोऱ्या (रुळाखालून पाणी जाण्याच्या वाटा), पूल हेच माझं काम होतं. त्या अनुभवातून उत्तर देतो. सिग्नल आणि विजेच्या बाजूचं मला कामापुरतं ठाऊक आहे, त्यामुळे तिथे मी फार खोलात जाणार नाही.

आधी तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करू. उन्हाळ्यात दुपारी गाडी हळू चालवणं हा बिघाड नाही, ती काळजी आहे. कोणीतरी रुळाचं तापमान मोजलं, धोका ओळखला आणि वेग कमी केला. पावसानंतर दोन दिवस मार्ग बंद राहणं मात्र वेगळं. तिथे काहीतरी वाहून गेलंय, खचलंय किंवा बुडालंय. पहिल्या गोष्टीत तुमची वीस मिनिटं जातात, दुसरीत माणसं जाऊ शकतात. "मार्ग मजबूत कसा करायचा" असा प्रश्न घेऊन बसलं की सगळा पैसा दिसेल अशा बांधकामात जातो. मी माझ्या हाताखालच्या नव्या इंजिनिअरांना तीन प्रश्न विचारायला सांगायचो. या मार्गाची सहनशक्ती नेमकी कुठे संपते? ती संपते तेव्हा गाडीचं काय होतं? आणि मार्ग परत चालू करायला किती वेळ लागतो?

आता उन्हाळा. चांगल्या पोलादाने हा प्रश्न का सुटत नाही, ते आकड्यांनीच पाहू. रुळाचं पोलाद दर अंशाला, दर मीटरला सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तो ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी ४६ सेंटिमीटरनी वाढेल. पूर्वी रुळांच्या जोडांमध्ये फट ठेवून ही वाढ सामावून घेत. गाडीचा तो खडखड आवाज त्या फटींचाच होता. आता रूळ सलग जोडलेले असतात. त्यांना वाढायला जागा नाही, म्हणून ती वाढ ताण होऊन आतच अडकून राहते. मीटरला ६० किलो वजन असलेल्या रुळात दर अंशाला साधारण १.९ टन जोर साठतो. तापमान ३० अंशांनी चढलं तर एका रुळात ५७ टन आणि दोन्ही मिळून शंभर टनांच्या वर. पोलाद जास्त टणक असलं तरी त्याची वाढ तेवढीच असते, त्यामुळे जोरही तेवढाच. टणक पोलादाने झीज कमी होते, या जोरावर त्याचा काही इलाज नाही.

हा जोर रुळाला बाजूला ढकलू पाहतो आणि त्याला धरून ठेवतात ते स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, आणि खडी. स्लीपरच्या टोकाला खडीचा जो खांदा असतो, तो कमी पडला की एखाद्या दुपारी रूळ सापासारखा वळतो. हे हळूहळू होत नाही. तासाभरापूर्वी सरळ पाहिलेला मार्ग एका झटक्यात वाकडा झालेला मी पाहिला आहे.

रूळ बसवताना तो ज्या तापमानाला ताणमुक्त असेल असा जखडतात, त्या तापमानावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये हे तापमान २७ अंश धरलं आहे. उष्ण प्रदेशांत ते बरंच वर असतं. कडक उन्हात रूळ हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी जास्त तापतो, म्हणजे हवा ४० अंशांवर असेल तर रूळ ६० च्या आसपास. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये नोंदींच्या इतिहासात पहिल्यांदाच पारा ४० च्या वर गेला. त्या दिवशी लंडनहून उत्तरेला जाणारा पूर्व किनाऱ्याचा मुख्य मार्ग दुपारी बंद ठेवला होता. तिकडे तेव्हा बरीच टीका झाली की याहून तापलेल्या देशांत गाड्या रोज चालतात. टीका करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. रुळाला नुसता ४० चा आकडा त्रास देत नाही, तो ज्या तापमानाला जखडला आहे तिथपासूनचं अंतर त्रास देतं.

मग ताणमुक्त तापमान वर का नेत नाहीत? नेता येतं. पण तोच रूळ थंडीत आखडतो आणि त्याच जोराने उलट ओढला जातो. जखडण्याचं तापमान दहा अंशांनी वर नेलं तर थंडीच्या पहाटे त्याच रुळात सुमारे १९ टनांची जादा ओढ येते, आणि जुन्या वेल्डवर रूळ तुटतो. ज्या प्रदेशात उन्हाळा वाढतोय पण थंडी तशीच आहे, तिथे ही ओढाताण फार नाजूक आहे. म्हणून दुसरीकडचा आकडा उचलून आपल्या मार्गावर लावू नका. तुमच्या रुळाचं वर्षभरातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान गेल्या दहा वर्षांत कुठे सरकलं, ते आधी पाहा. हवेचं तापमान चालणार नाही, रुळाचंच हवं.

यातलं बरंचसं काम स्वस्त आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. खडीचा खांदा पूर्ण ठेवा. वळणांवर, पुलांच्या दोन्ही टोकांना आणि लेव्हल क्रॉसिंगजवळ दुप्पट लक्ष द्या, कारण मोकळा आणि जखडलेला मार्ग जिथे भेटतात तिथेच रूळ वाकतो. आणि टॅम्पिंग मशीन, म्हणजे स्लीपरखालची खडी दाबून बसवणारं यंत्र, उन्हाच्या तोंडावर चालवू नका. मशीनने खडी हलवली की तिची पकड सैल होते. गाड्या जाऊन जाऊन ती पुन्हा बसेपर्यंत मार्ग कमजोर असतो. एका वर्षी आमच्या विभागात मशीन फक्त ऐन उन्हाळ्यात मिळणार होतं. नाही म्हटलं तर वर्षभर मिळालं नसतं, म्हणून वरून आग्रह झाला आणि काम झालं. चौथ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास एका वळणावर रूळ हाताच्या पंज्याएवढा बाहेर आला. उन्हात गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनने तो पाहिला आणि लाल झेंडा घेऊन तो धावत सुटला. गाडी साडेतीनशे मीटरवर थांबली. त्याच्या जागी तिथे फक्त यंत्र असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही माझा पाठलाग करतो.

रुळाच्या बाजूला पांढरा रंग देण्याबद्दल बरेच जण विचारतात. तो उपाय खरा आहे. रुळाचं तापमान त्याने ५ ते १० अंशांनी उतरतं. पण गाड्यांच्या धुळीने आणि तेलाने रंग मळतो, पुन्हा द्यावा लागतो. सांधे बदलण्याच्या जागा, मोठी वळणं अशा निवडक ठिकाणी तो द्यावा. शंभर किलोमीटर रंगवण्यात अर्थ नाही. स्लीपर लाकडी असतील तर ते बदलून काँक्रीटचे टाकणं हा त्याहून टिकाऊ उपाय, कारण वजनदार स्लीपर खडीत घट्ट बसतो.

उन्हाळ्याचं एवढं पुरे. खरं काम पाण्याचं आहे.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस फारसा वाढला नाही तरी तासाभरात कोसळणारा पाऊस वाढतो. आपल्या मोऱ्या आणि चर मात्र जुन्या नोंदींवर आखलेल्या आहेत. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर धरून मोरी बांधली, असं म्हटलं की लोकांना ती शंभर वर्षं निर्धास्त वाटते. तसं नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. हवामान सरकलं आणि तोच पूर पन्नास वर्षांतून एकदाचा झाला, तर तीस वर्षांतली शक्यता ४५ टक्क्यांवर जाते. मोरीत काही बदललं नाही, तिच्यासमोरचं पाणी बदललं.

तुमच्या "मार्ग उंच करा" या सूचनेचं उत्तर इथेच आहे. सखल भागात भराव उंच केला की तो बंधारा होतो. पाणी एका बाजूला तुंबतं, तिकडच्या शेतात आणि घरांत शिरतं, आणि मग जिथे मोरी कमी पडते तिथे भराव फोडून जातं. उंची वाढवायची तर पाया रुंद करावा लागतो, जमीन लागते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खालून पाणी जायला आणखी वाटा ठेवाव्या लागतात. त्या वाटा ठेवल्या तर उंची कामाची. नाहीतर आपण आपलं संकट मोठं करून शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो.

भरावाबद्दल आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात असते पण पूर येईपर्यंत आठवत नाही. भराव फक्त पाणी चढताना फुटतो असं नाही, तो पाणी ओसरतानाही ढासळतो. पूर असतो तेव्हा बाहेरचं पाणी भरावाला दोन्ही अंगांनी आधार देतं. ते झपाट्याने उतरलं की आत मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं, माती जड आणि मऊ झालेली असते, बाहेरचा आधार गेलेला असतो. पाणी रुळाखाली गेलं म्हणून लगेच गाडी सोडण्याची घाई झाली की इथेच घात होतो. मी पाणी उतरल्यावर भरावाचा पाय चालत जाऊन पाहिल्याशिवाय एकही गाडी सोडत नसे, आणि त्यावरून मला बोलणीही खावी लागली आहेत.

पुलांचं तसंच. खांबाच्या बुडाशी पाण्याचा भोवरा माती उकरत नेतो आणि वरून पूल अगदी ठणठणीत दिसतो. स्कॉटलंडमधल्या लॅमिंग्टनचा पूल ३१ डिसेंबर २०१५ रोजी अशाच उकरण्याने खचला आणि तो मुख्य मार्ग जवळजवळ आठ आठवडे बंद राहिला. जुन्या पुलांचे पाये किती खोल आहेत याची कागदपत्रं अनेकदा नसतात. ती खोली शोधून नोंदवणं हे काम कुठल्याही नव्या यंत्रणेच्या आधी व्हायला हवं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, निचरा. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्येच कारमाँटजवळ सकाळी सुमारे तीन तासांत ५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. कटिंगच्या, म्हणजे टेकडी कापून केलेल्या वाटेच्या, वरच्या उतारावर काही वर्षांपूर्वी जमिनीखाली नळ टाकून त्याच्या चरात दगडगोटे भरले होते. पाण्याने ते गोटे धुऊन रुळावर आणले, गाडी त्यावर चढून घसरली आणि तीन माणसं गेली. चौकशीत निघालं की निचऱ्याचं ते काम आराखड्याप्रमाणे झालंच नव्हतं. पाऊस मोठा होता हे खरं, पण त्या भागात वेग कमी करण्याचा आदेशही नव्हता. गाडी ताशी ११५ किलोमीटरच्या वर धावत होती. हवामान बदल, कामातली कसूर आणि न दिलेला आदेश, तिन्ही एकाच सकाळी एकत्र आले. मोठे अपघात बहुधा असेच घडतात, म्हणून एकच कारण शोधणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

माझ्या स्वतःच्या विभागातला प्रसंग सांगतो. एका सखल पट्ट्यात दर दोन-तीन वर्षांनी एकाच ठिकाणी खडी वाहून जायची. मोरी आम्ही दरवर्षी साफ करायचो, कागदावर ती पुरेशी होती. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मी पाण्याच्या मागे चालत गेलो. रेल्वेची हद्द संपल्यावर पाऊण किलोमीटरवर कोणीतरी ओढ्यात भराव घालून रस्ता केला होता आणि खाली एकच अरुंद नळ ठेवला होता. आमची मोरी स्वच्छ होती, पण पाण्याला पुढे जायला जागाच नव्हती. स्थानिक प्रशासनाशी दोन वर्षं पत्रव्यवहार झाला, शेवटी तिथे तीन नळ बसले. त्यानंतर माझ्या कारकिर्दीत तिथे खडी हलली नाही. रेल्वेने त्यासाठी एक घमेलं मातीही उचलली नव्हती. म्हणून तुम्हाला, नियोजनातल्या माणसाला, हे खास सांगतो: रेल्वेच्या पुराची किल्ली बरेचदा रेल्वेच्या हद्दीबाहेर असते, आणि तिथे इंजिनिअरपेक्षा तुमचा हात जास्त पोचतो.

समुद्राकाठचा मार्ग असेल तर हिशेब वेगळा. इंग्लंडमध्ये डॉलिश इथे १८४६ मध्ये सुरू झालेला मार्ग अगदी लाटांच्या काठावरून जातो. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तिथली भिंत फुटली, रूळ अधांतरी लोंबकळले आणि तो सगळा प्रदेश दोन महिने रेल्वेपासून तुटला. पुढे तिथे नवी, उंच भिंत उभी राहिली. तो खर्च मला योग्य वाटतो, कारण पलीकडच्या गावांना दुसरा रेल्वेमार्गच नाही. जिथे आतून फिरून जाणारा मार्ग आहे तिथे मी भिंतीऐवजी तो मार्ग सुधारायला सांगेन.

गोठलेल्या जमिनीवरच्या मार्गांचं तर सगळंच उलटं. तिथे पाण्यापेक्षा जमीन वितळण्याची भीती. २००६ मध्ये सुरू झालेल्या छिंगहाय-तिबेट मार्गाचा सुमारे ५५० किलोमीटर भाग गोठलेल्या जमिनीवरून जातो. तिथे भरावाच्या कडेला उभ्या नळ्या रोवून जमिनीतली उष्णता बाहेर काढतात, काही ठिकाणी भराव मोठ्या दगडांचा केला आहे, आणि सर्वांत नाजूक पट्ट्यात मार्ग जमिनीवर न ठेवता पुलावर उचलला आहे. हे उदाहरण अशासाठी की हवामान बदलाला तोंड द्यायचा एकच सर्वमान्य नमुना नसतो.

वारा, झाडं, विजेच्या तारा, सिग्नल हे थोडक्यात उरकतो. जुन्या पद्धतीच्या ओव्हरहेड तारा उन्हात सैल पडून लोंबतात. वजनं लावून ताण आपोआप राखणारी पद्धत असेल तर त्रास बराच कमी. सिग्नलचे खोके आणि पॉइंटच्या (सांधे बदलणाऱ्या) मोटारी जुन्या पूररेषेच्या वर उचलणं हे कमी खर्चात मोठा फायदा देणारं काम आहे. रुळांमधून वीज सोडून गाडी ओळखण्याची जुनी पद्धत असेल, तर घाण खडीत पाणी तुंबलं की मार्ग मोकळा असूनही सिग्नल लाल होतो. यात धोका नाही, पण गाड्या खोळंबतात. चाकांची मोजणी करणारी यंत्रणा या बाबतीत जास्त खंबीर. आणि खडी चाळून स्वच्छ ठेवली तर निचरा, पकड आणि सिग्नल, तिन्हींना एकाच खर्चात मदत होते.

इथवरचं एकत्र करतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. उन्हाचा प्रश्न मुख्यतः शिस्तीचा आहे आणि तो बऱ्याच अंशी देखभालीने आटोक्यात येतो. पाण्याचा प्रश्न वाटेचा आहे आणि तो निम्मा हद्दीबाहेरचा आहे. पण दोन्हींत एक क्षण असा येतो की बांधकामाची सहनशक्ती संपते. त्यानंतर फक्त एकच गोष्ट वाचवते: गाडी आधीच थांबलेली असणं.

जपानमध्ये २०१४ साली पश्चिम भागातल्या रेल्वेने मोठं वादळ येण्याआधीच, आदल्या दिवशी जाहीर करून, मोठ्या प्रदेशातल्या गाड्या बंद ठेवल्या. तेव्हा टीका झाली. आज तिथे ती रूढ पद्धत आहे. लोकांना आदल्या दिवशी कळलं की ते घरून काम करतात, प्रवास पुढे ढकलतात. गाडी मधल्याच स्टेशनात आठ तास अडकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

थांबवलेल्या गाड्या कुठे उभ्या करायच्या, हाही त्याचाच भाग. त्याच जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या वादळात चिकुमा नदीचं पाणी नागानोच्या यार्डात शिरलं आणि होकुरिकू मार्गाच्या ३० पैकी १० वेगवान गाड्या, म्हणजे १२० डबे, बुडून भंगारात गेल्या. पूरनकाशावर ती जागा पाण्याखाली जाणारी म्हणून आधीच दाखवलेली होती. याउलट ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाआधी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने संध्याकाळीच सेवा थांबवली आणि गाड्या उंच जागी नेल्या. नदीखालचे सात बोगदे पाण्याने भरले, तरी गाड्या वाचल्यामुळे तीन दिवसांत काही सेवा सुरू झाली. नदीपलीकडच्या दुसऱ्या रेल्वेने गाड्या सखल यार्डांत ठेवल्या आणि ३०० हून जास्त डबे-इंजिनांचं नुकसान झालं. वादळ एक, पाणी एक, फरक एका संध्याकाळच्या निर्णयाचा.

आणि निर्णय वेळेवर झाला नाही तर काय होतं, ते २० जुलै २०२१ रोजी चीनच्या चंचौ शहरात दिसलं. एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, भुयारी रेल्वेच्या यार्डाची भिंत कोसळून पाणी बोगद्यात शिरलं आणि तिथे अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांपैकी १४ जण गेले. इतका पाऊस कुठलीही गटार यंत्रणा पेलू शकत नाही. पण गाडी थांबवता येते, स्टेशन रिकामं करता येतं.

म्हणून माझा आग्रह असतो की पावसाचे आणि तापमानाचे उंबरठे आधी लिहून ठेवावेत, आणि ते ओलांडले की वेग कमी करण्याचा किंवा गाडी थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला असावा. त्याने वर फोन करून परवानगी मागायची आणि वरच्याने वेळापत्रकाकडे बघायचं, असं असलं की उशीर ठरलेला. गाडी थांबवली आणि पुढे काहीच झालं नाही, तरी त्याला जाब विचारायचा नाही. हे लेखी असू द्या. दोनदा बोलणी खाल्लेला माणूस तिसऱ्यांदा लाल झेंडा उचलायला कचरतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

उंबरठा ठरवताना नुसता आजचा पाऊस धरू नका. कोरड्या उतारावर पडलेले १०० मिलिमीटर आणि आठवडाभर भिजलेल्या उतारावर पडलेले १०० मिलिमीटर यांत फार अंतर आहे. आधी मुरलेलं पाणीही मोजणारी पद्धत घ्या. उतारावर कलमापक, म्हणजे जमीन झुकू लागली की कळवणारी यंत्रं, बसवता आले तर उत्तम, पण त्यांचा इशारा रात्री तीन वाजता कोणाच्या हातात पोचतो आणि तो माणूस काय करू शकतो, हे ठरल्याशिवाय खरेदी करू नका. कोकण रेल्वेसारख्या डोंगरी मार्गावर पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या त्या काळात मुद्दाम हळू चालवतात आणि दरडींवर जाळ्या व गस्त असते. वर्षातले ठरावीक महिने धोक्याचे असतील तर असं उघड, आधी जाहीर केलेलं वेळापत्रक प्रवाशांशी जास्त प्रामाणिक आहे, असं मला वाटतं.

आता पैशांचं. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी काहीच बांधलं नसतं. गेल्या वीस वर्षांत मार्ग कुठे कुठे, कशामुळे, किती तास बंद पडला याची नोंदवही केली असती. ती कार्यालयात पूर्ण मिळणार नाही. निवृत्त झालेले मुकादम आणि ट्रॅकमन यांच्याबरोबर मार्गावरून चाला, ते बोटाने जागा दाखवतील. माझा अनुभव असा की बहुतेक खोळंबा मोजक्याच ठिकाणांमुळे होतो. त्या ठिकाणांची मोरी, चर, उतार आणि हद्दीबाहेरची पाण्याची वाट दुरुस्त करणं हा पहिला खर्च. गस्त, उंबरठे आणि यार्ड रिकामं करण्याचा आराखडा त्याच्याबरोबरच, कारण त्याला फारसा पैसा लागत नाही.

मोठी कामं मात्र त्या वस्तूच्या आयुष्याकडे बघून ठरवा. सिग्नलची यंत्रणा पंचवीस-तीस वर्षांत बदलावीच लागते. ती बदलताना उंचावर बसवा, वेगळा प्रकल्प करू नका. पूल आणि भराव शंभर वर्षं राहतात, म्हणून आज बांधला जाणारा पूल मात्र पुढच्या शतकाच्या पावसासाठी आखा. तिथे थोडी जादा रुंदी आज फार महाग पडत नाही, नंतर पूल पाडून पुन्हा बांधणं महाग पडतं. आणि काही मार्ग असे असतील की तिथे दर पाच वर्षांनी दुरुस्ती करण्यापेक्षा तो पट्टा हलवणंच बरं. पण पर्यायच नसेल तर हिशेब वेगळा. कॅनडात हडसनच्या उपसागराकडे, चर्चिल गावाला जाणारा मार्ग २०१७ च्या पुरात अनेक ठिकाणी वाहून गेला आणि परत सुरू व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. चर्चिलला रस्ताही जात नाही. अशा एकुलत्या एक मार्गाचा हिशेब नुसता तिकिटाच्या उत्पन्नावर करता येत नाही.

तुमच्या मार्गाबद्दल नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील. मार्ग बंद पडतो तेव्हा पाणी रुळावर उभं राहतं, भराव खचतो की दरड येते? तो भाग बांधला कधी, आणि त्यानंतर वरच्या अंगाला नवी वस्ती किंवा रस्ता झालाय का? आणि शेवटचे तीन बंद पाऊस चालू असताना झाले की पाऊस थांबल्यावर? हे कळवलंत तर पहिली मोरी कुठली उघडून पाहायची, ते मी तुम्हाला सांगू शकेन.